मतदान केंद्राजवळचे झेंडे, बॅनर आणि पर्चीचं टेबल: इंदूरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इंदूरमध्ये मतदानाच्या दिवशी शेजाऱ्याशेजाऱ्यांत खटका उडतो तो बहुतेक वेळा एखाद्या झेंड्यावरून, गाडीवरच्या स्टिकरवरून किंवा कोपऱ्यावर लावलेल्या टेबलावरून. कोणी मुद्दाम नियम मोडलेला असतो असंही नाही. नियम नेमका काय आहे हे गल्लीत कोणी नीट सांगितलेलं नसतं, आणि ज्याला जसं ऐकू आलं तसं तो वागतो. सुपर कॉरिडॉरकडे नोकरीला आलेले, मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवलेले, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर भागात भाड्याने घर घेतलेले अनेक मराठी लोक इथे पहिल्यांदाच मतदान करतात. काहींना ओळखीतून एखाद्या उमेदवाराच्या टेबलावर बसून मतदारांना यादीतल्या नोंदीची पर्ची लिहून द्यायची विनंतीही येते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातले कायदे लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीचे आहेत. महापालिकेबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

एक गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करा, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावरून उलगडत जातं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३० मध्ये मतदान केंद्रात आणि केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला मनाई आहे, आणि ही मनाई सार्वजनिक तसंच खासगी अशा दोन्ही जागांना लागू आहे. 'माझं घर, माझी बाल्कनी, मी काहीही लावीन' हे वर्षभर ठीक. मतदानाच्या तारखेला, त्या वर्तुळाच्या आत, ते चालत नाही.

पहिलं काम: केंद्र शोधा आणि अंतर मोजा

यादीत नाव असेल तर बीएलओ, म्हणजे त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, मतदार माहिती पर्ची घरी आणून देतात. तिच्यावर केंद्राचं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो. इंदूरला नव्यानेच आला असाल आणि नाव अजून जुन्या गावच्या यादीत असेल, तर फॉर्म ८ भरून ते इकडे आणावं लागतं. पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी फॉर्म ६ आहे. हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता उरकून घ्या. स्वतःचं मत कुठे आहे ते पाहताना घराच्या आसपास कुठल्या शाळेत, कम्युनिटी हॉलमध्ये किंवा टाउनशिपच्या क्लबहाउसमध्ये केंद्र आहे तेही पाहा. तुमचं मत एका शाळेत आणि तुमच्या खिडकीसमोर दुसरंच केंद्र, असं जुन्या वस्तीत सर्रास असतं. झेंड्याच्या नियमाला तुमचं केंद्र कुठलं याच्याशी देणंघेणं नाही. घराजवळ जे केंद्र आहे त्यापासून अंतर मोजायचं.

हे अंतर मोजताना बहुतेकांचा गोंधळ होतो. मल्हारगंज किंवा जुन्या इंदूरच्या बोळांतून चालत गेलं तर शाळेपर्यंत अडीचशे पावलं होतात, म्हणून लोक धरून चालतात की आपण लांब आहोत. केंद्रीय कायद्यांतलं अंतर कसं मोजायचं हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ११ मध्ये सांगितलेलं आहे: सरळ रेषेत आणि आडव्या पातळीवर. रस्ता कितीही वळणावळणाचा असो, मोजायचं ते नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यासारखं. आणि आडव्या पातळीवर म्हणजे उंचीचा फायदा नाही. मल्टीच्या (फ्लॅटच्या बहुमजली इमारतीला इथे मल्टी म्हणतात) आठव्या मजल्यावरची बाल्कनी जमिनीवरच्या केंद्रापासून आडवी ६० मीटरवर असेल, तर ती वर्तुळातच येते. फोनवरच्या नकाशात दोन बिंदूंमधलं अंतर मोजायची सोय असते, तेवढी पुरते. मी शाळेच्या खोलीपासून न मोजता आवाराच्या भिंतीपासून मोजायला सांगते, म्हणजे चार मीटर इकडेतिकडे झाले तरी वाद होत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली दिसेल. ती रस्त्यावरून येणाऱ्यांसाठी असते. मागच्या गल्लीत, गच्चीवर, पार्किंगमध्ये कोणी चुना टाकायला येत नाही. तिथलं अंतर आपणच मोजून ठेवायचं.

घर, मल्टी आणि कॉलनी

आदल्या रात्री झोपण्यापूर्वी बाल्कनीतला झेंडा, गेटवरचं पोस्टर, खिडकीतलं उमेदवाराचं पत्रक आत घ्या. सकाळी सातला मतदान सुरू होतं म्हणून सातच्या आत काढू, असं अनेक जण ठरवतात. कायद्यात मात्र तास दिलेले नाहीत, मतदानाची तारीख दिलेली आहे. म्हणून काढायचं आदल्या रात्री आणि पुन्हा लावायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी सहाला मतदान संपलं की लगेच झेंडा बाहेर काढण्याची घाई करू नका. दारापर्यंत आलेली रांग सहानंतरही मत देत असते.

गाड्यांकडे लक्ष जात नाही. मागच्या काचेवर पक्षाचं चिन्ह, बोनेटच्या काठीला छोटी झंडी, स्कूटरच्या पुढे उमेदवाराचा फोटो अशी गाडी केंद्रासमोर उभी राहिली की ती चिन्ह दाखवतेच आहे, मालक आत रांगेत असला तरी. स्टिकर निघत नसेल तर कागद चिकटवून झाका किंवा गाडी लांब लावा. तसंही मतदाराने आपलं वाहन केंद्रापासून २०० मीटरच्या आत आणू नये अशी सूचना असते. चालता न येणारे आजीआजोबा घरात असतील तर आधीच बीएलओंना विचारून ठेवा; व्हीलचेअरची सोय केंद्रावर असते.

रांगोळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते आपल्या घरांशी जवळचं आहे. २०२३ ची मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक १७ नोव्हेंबरला झाली आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं १२ नोव्हेंबरला. आकाशकंदील उतरले नव्हते, दारातल्या रांगोळ्या ताज्या होत्या. लक्ष्मीची पावलं आणि कमळ तर आपल्याकडे हमखास काढतात. कमळ हे देवीचंही आहे आणि एका पक्षाचं चिन्हही आहे; पंजा, झाडू, हत्ती, सायकल यांचंही तेच. घरातल्या पूजेतलं कमळ म्हणजे प्रचार, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण केंद्राच्या फाटकासमोरच्या दारात फूटभर रुंद कमळ असेल तर समोरच्या उमेदवाराचा एजंट हरकत घेणार, पोलीस येणार, आणि सणाच्या दिवसांत दारात नको ती बोलाचाली होणार. निवडणूक आयोगानेही अशा बाबतीत कडक भूमिका घेतलेली आहे: २०१२ च्या जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या उद्यानांमधले हत्तींचे दगडी पुतळे मतदान होईपर्यंत झाकायला लावले होते. म्हणून वर्तुळातल्या घरांनी त्या एका दिवशी ठिपक्यांची रांगोळी काढावी, असं मला वाटतं. विधानसभा निवडणूक पुन्हा दिवाळीच्या आसपासच येण्याची शक्यता आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

टाउनशिपच्या आतच केंद्र असेल तर जबाबदारी रहवासी संघावर येते. सचिवांनी आठवडाभर आधी एक साधा कागद लिफ्टजवळ लावावा: कुठल्या इमारती १०० मीटरच्या आत येतात, झेंडे कधी उतरवायचे, गाड्या कुठे लावायच्या. त्या कागदावर कुठल्याही पक्षाचं नाव नको, 'विशेषतः अमुक मजल्यावरच्यांनी' असंही नको. सगळ्यांना एकच कागद. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शेवटच्या ४८ तासांत कोणाच्या बाजूने किंवा विरोधात काही टाकू नये, एवढंही त्यातच लिहून टाका.

आणि आवाज. कलम १३१ केंद्राजवळच्या लाउडस्पीकरबद्दल आणि आरडाओरड्याबद्दल आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोलीस यंत्र जप्त करू शकतात. हे कलम फक्त प्रचाराच्या भोंग्यापुरतं नाही. मतदारांना त्रास होईल किंवा आतल्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा येईल असा स्पीकर कोणत्याही कारणाने लावला तरी ते लागू होतं. शेजारी वास्तुशांत असेल, मंडळाचं भजन असेल तर त्या दिवशी स्पीकरविना करा.

भिंती आणि खांब

दुसऱ्याच्या कुंपणावर, भिंतीवर, आवारात परवानगीशिवाय झेंडा, बॅनर किंवा घोषणा नको, हे आदर्श आचारसंहितेतच आहे. तुम्ही भाडेकरू असाल तर परवानगी घरमालकाची लागते, तुमची पुरत नाही. कार्यकर्ते गोड बोलून तुमच्याकडून 'हो' घेऊन जातात आणि मग मालकांचा फोन येतो. 'भिया, मकानमालकाला विचारून सांगतो' एवढं म्हटलं की इंदूरमध्ये कोणाला राग येत नाही. शिवाय मध्य प्रदेशात १९९४ चा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम आहे. लोकांच्या नजरेला पडणाऱ्या मालमत्तेवर शाई, खडू, रंग यांनी लिहून ती विद्रूप केली तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो निवडणूक नसतानाही लागू असतो.

निवडणूक जाहीर झाली की सरकारी इमारतींवरचा प्रचार २४ तासांत, रस्ते, खांब, बसस्टँड यांसारख्या सार्वजनिक जागांवरचा ४८ तासांत आणि खासगी जागांवरचा बेकायदा प्रचार ७२ तासांत हटवायचा असतो. तो महापालिकेची माणसं काढतात. विजेच्या खांबावर उरलेला फ्लेक्स दिसला तर स्वतः चढून काढू नका. केंद्राजवळचा असेल तर कळवा. कुठे कळवायचं ते पुढे येतंच.

टेबलावर बसायचं असेल तर

ओळखीचे काका फोन करतात, 'अरे, सकाळी दोन तास टेबलावर बसशील का, याद्या बघायला कोणी तरी लिहिता-वाचता येणारा हवा.' जायला हरकत नाही. हे काम चांगलं आहे. आपल्या गल्लीतली माणसं त्या दोन तासांत जेवढी ओळखीची होतात तेवढी एरवी वर्षभरात होत नाहीत. पण जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: टेबल केंद्रापासून किती लांब आहे, निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळवलं आहे का, आणि जागेचा लेखी परवाना टेबलावर ठेवलेला असेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'अरे, ते होऊन जाईल' असं आलं, तर परवाना हातात येईपर्यंत बसू नका.

अंतराबद्दल गल्लीत अजूनही 'दोनशे मीटर' असंच ऐकू येईल. अनेक निवडणुका तो नियम होता. २३ मे २०२५ ला निवडणूक आयोगाने तो बदलला, आणि आता पर्ची देणारी उमेदवारांची टेबलं केंद्रापासून १०० मीटरच्या पलीकडे लावता येतात. मात्र पक्षाचं तात्पुरतं कार्यालय ही वेगळी गोष्ट. ते केंद्रापासून २०० मीटरच्या आत नको, धार्मिक स्थळात नको, शाळा किंवा रुग्णालयाला लागून नको, आणि रस्त्यावर अतिक्रमण करून तर नकोच. जुने कार्यकर्ते दोन्हींची सरमिसळ करतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा त्या निवडणुकीचा लेखी आदेश मागून घ्या आणि त्यात लिहिलंय तसं करा. एका शाळेत चार-पाच केंद्रं असली तरी एका उमेदवाराचं तिथे एकच टेबल, हा नियम आहे.

टेबल म्हणजे काय ते ठरलेलं आहे: एक टेबल, दोन खुर्च्या, ऊन-पावसासाठी एक छत्री किंवा कापडाचा तुकडा. मांडव नाही, सोफा नाही, पाण्याच्या बाटल्यांचे खोके नाहीत. २०२४ ची लोकसभेची निवडणूक इथे १३ मे रोजी झाली, भर उन्हाळ्यात, तेव्हा छत्रीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण कापड वाढत वाढत तंबू होऊ देऊ नका. आदर्श आचारसंहिता सांगते की उमेदवारांचे कॅम्प साधे असावेत, तिथे प्रचाराचं साहित्य नसावं, खाणंपिणं वाटू नये आणि गर्दी जमू देऊ नये. ओळख पटावी म्हणून लहान बॅनरची मुभा मिळते, तीही आदेशात असेल त्याच मापाची. पोह्यांचा ठेला टेबलाशेजारी आणून उभा करायचा आणि 'तो आमचा नाही' म्हणायचं, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. पोहे हवे असतील तर मत देऊन छप्पन दुकानला जा. २०२३ आणि २०२४ ला तिथल्या दुकानदारांनी सकाळी लवकर मतदान करून शाई लावलेलं बोट दाखवणाऱ्यांना फुकट पोहे-जिलेबी खिलवली होती, तीही कोणाला मत दिलं हे न विचारता.

पर्चीचा कागद पांढरा, साधा. त्यावर मतदाराचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र. उमेदवाराचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. ही अट आचारसंहितेत स्पष्ट आहे, आणि तिच्यामागचं कारण समजून घेतलं की ती आपोआप पाळली जाते: ती पर्ची हातात धरून मतदार थेट रांगेत, तिथून आत, कर्मचाऱ्यांच्या टेबलापर्यंत जातो. चिन्ह छापलेली पर्ची म्हणजे प्रचाराचं पत्रक मतदाराच्याच हातून केंद्रात पोचवणं. छापलेल्या पर्च्यांचा गठ्ठा तुमच्या हातात आला आणि कोपऱ्यात बारीकसं चिन्ह दिसलं, तर तो गठ्ठा बाजूला ठेवा आणि वहीतले कोरे कागद वापरा.

बसल्यावर बोलायचं कसं? वयाने मोठे असतील तर 'या काका, नाव सांगा, यादीत बघून देतो', बायकांना 'वहिनी' किंवा 'ताई', आणि एवढंच. पर्ची देताना 'लक्ष असू द्या हं' असं म्हणायची अनेकांना सवय असते, ती सोडा. कोणी दुसऱ्या पक्षाच्या टेबलाकडे चालला असेल तर त्याला हाक मारून बोलावू नका, वाट तर अजिबात अडवू नका. तुमच्या टेबलावर आलेला माणूस तुमचाच मतदार आहे असंही धरू नका. रांग लहान दिसली म्हणून लोक कुठल्याही टेबलावर येतात, आणि त्यांना त्याच आपुलकीने नाव शोधून द्यायचं असतं. मत देऊन आलेल्यांना टेबलाजवळ घोळका करून गप्पा मारायला थांबू देऊ नका. हे अवघड जातं, कारण गप्पा मारायला येतात ते आपलेच लोक असतात. 'दादा, चहाला संध्याकाळी भेटू' म्हणायचं आणि पुढच्याची पर्ची लिहायला घ्यायची.

इंदूरमधल्या मराठी घरांत राजकारण मोकळेपणाने बोललं जातं. सुमित्राताई महाजन यांना या शहराने १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा लोकसभेत पाठवलं आणि सगळं शहर त्यांना 'ताई' म्हणतं. एकाच कुटुंबातले दोन भाऊ दोन टेबलांवर बसलेलेही दिसतील. नव्याने आलेल्याने त्या नात्यांमध्ये पडू नये. तुम्ही यादी वाचायला आला आहात.

मत द्यायला निघताना

बिल्ला, टोपी, चिन्हाचं उपरणं, उमेदवाराच्या फोटोचा टी-शर्ट, चिन्ह असलेलं मोबाइलचं कव्हर, किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारं पक्षाचं लॉकेट, सगळं घरी ठेवा. नुसत्या रंगाच्या कपड्यांना मनाई नाही; भगवी, हिरवी, निळी साडी नेसून कोणीही जाऊ शकतं. फक्त तोच रंग गळ्यात प्रचाराच्या उपरण्यासारखा दिसत असेल तर पोलीस काढायला सांगतील, आणि तेव्हा निमूटपणे पिशवीत घालावं. आत बसलेल्या एजंटांच्या छातीवर उमेदवाराचं नाव दिसलं तर दचकू नका. तो कोणाचा प्रतिनिधी आहे हे कळण्यापुरतं नाव लावायला त्यांना मुभा असते. चिन्ह किंवा फोटो नाही.

केंद्राच्या बाहेर भिंतीवर मोठे कागद लावलेले असतात: उमेदवारांची यादी, कोणती ओळखपत्रं चालतात, काय करावं आणि काय करू नये. यादीत उमेदवारांची चिन्हंही छापलेली असतात. हे आयोगाचे अधिकृत फलक आहेत आणि कलम १३० मधूनच ते वगळलेले आहेत. 'इथे चिन्हं कशी?' म्हणून कोणी ती फाडायला निघालं तर थांबवा. याउलट, केंद्राच्या खोलीत एखाद्या नेत्याचा फोटो किंवा घोषणा राहून गेली असेल तर ती झाकायला किंवा काढायला मतदान केंद्राध्यक्षांना सांगू शकता. इथे त्यांना पीठासीन अधिकारी म्हणतात.

मोबाइलबाबतही २०२५ मध्ये बदल झाला. आता तो १०० मीटरच्या आत बंद करून नेता येतो आणि केंद्राच्या दाराशी खोक्यात किंवा पिशवीत जमा करायचा असतो. एखाद्या केंद्रावर स्थानिक परिस्थितीमुळे ही सोय नसेलही, म्हणून जोडीने जाणार असाल तर एकाने फोन सांभाळत बाहेर थांबावं.

रांगेत कोणाला कोणाचं नाव सुचवू नका, आणि 'नोटा दाबा' असंही म्हणू नका. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं पडली. तेव्हा नोटासाठी शहरभर उघड आवाहनं होत होती, आणि तो लोकांचा हक्कच होता. पण १०० मीटरच्या आत अमुक उमेदवाराला मत देऊ नका असं सांगणं किंवा मतदानच करू नका असं सांगणं, दोन्ही कलम १३० मध्ये येतात. मत मागण्याइतकंच.

काही चुकीचं दिसलं तर

आधी माणसाशी बोला. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. 'काका, आपली बाल्कनी शंभर मीटरच्या आत येते म्हणे. आजच्यापुरता झेंडा आत घेऊ या का? काठी उंच आहे, मी धरतो.' यात आरोप नाही, पक्ष नाही, आणि मदतीचा हात आहे. हेच 'तुमच्या पक्षाचा झेंडा काढा' असं म्हटलं की ते काका संध्याकाळपर्यंत काढणार नाहीत. वयस्कर माणसाला चारचौघांत सांगू नका, घरी जाऊन सांगा. ज्या पक्षाला आपण मत देतो त्याचा झेंडा चुकीच्या जागी दिसला तर तो आधी सांगावा. म्हणजे दुसऱ्याचा दाखवताना आपलं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

स्वतःच्या हाताने दुसऱ्याचं बॅनर उतरवू नका, फाडू तर नकाच. ते काम पोलिसांचं आणि निवडणूक कर्मचाऱ्यांचं आहे. केंद्रावर असलेल्या पोलिसाला किंवा फेरी मारणाऱ्या सेक्टर अधिकाऱ्याला सांगा. कलम १३० चा दंड २५० रुपयांपर्यंतच आहे, पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट पाहावी लागत नाही.

बोलण्यासारखी परिस्थिती नसेल, समोर घोळका असेल, तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे तक्रारीचं अ‍ॅप वापरा. २०१८ पासून ते आहे. फोनचं लोकेशन चालू ठेवून अ‍ॅपमधूनच फोटो किंवा व्हिडिओ काढायचा असतो, गॅलरीतला जुना फोटो त्यात चढवता येत नाही. ठिकाण आपोआप नोंदलं जातं, नाव न देताही तक्रार करता येते, आणि १०० मिनिटांत तिची दखल घेण्याची पद्धत आहे. फोटोत झेंडा आणि केंद्राचं फाटक दोन्ही दिसतील असं उभं राहा. नुसत्या झेंड्याच्या फोटोवरून पथकाला अंतराचा अंदाज येत नाही. फोटो मात्र १०० मीटरच्या बाहेरूनच काढा, कारण आत फोन बंद ठेवायचा असतो. अ‍ॅप जमत नसेल तर १९५० हा मदत क्रमांक आहे.

महापालिकेची निवडणूक

इंदूरच्या ८५ वॉर्डांची मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. ही निवडणूक भारत निवडणूक आयोग नाही, मध्य प्रदेश राज्य निर्वाचन आयोग घेतो, आणि तिला वेगळे कायदे लागू होतात. केंद्राजवळ प्रचार नको हे तिथेही आहेच, पण टेबलाचं अंतर, मोबाइल, बॅनर याबद्दल वर लिहिलेलं जसंच्या तसं धरू नका. त्या वेळचा आदेश झोन कार्यालयात किंवा उमेदवाराच्या प्रतिनिधीकडे पाहायला मागा. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीत उमेदवार अनेकदा तुमच्याच गल्लीतला असतो, त्याच्या घराशेजारीच केंद्र असतं, आणि त्याच्या फाटकावर वर्षभर असलेली नावाची पाटीही त्या दिवशी वादाची होते. पाटीवर नुसतं नाव असेल तर राहू द्यावी, चिन्ह असेल तर झाकावी, असा सल्ला मी देते.

मतदान झाल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले झेंडे, दोऱ्या, पताका उतरवायला कार्यकर्ते येतातच असं नाही. आपल्या दारासमोरचं आपण काढावं. कापडी झेंडे वेगळे ठेवा, ते पुन्हा वापरता येतात. कागद आणि प्लास्टिक सुक्या कचऱ्यात, निगमच्या गाडीला तसंच वेगळं द्या. प्लास्टिकचे झेंडे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी पुढच्या खेपेला कोणी वाटायला आणलेच तर घेऊ नका आणि कापडाचे मागा. खांबाला बांधलेली तार किंवा सुतळी तशीच लोंबत राहिली तर दुचाकीवाल्याच्या गळ्यात येते. ती कात्रीने कापून, गुंडाळून टाका.